धुराचा जमाखर्च

अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकात वस्तूंचे दोन प्रकार सांगितलेले असतात: मोफत वस्तू आणि आर्थिक वस्तू. मोफत वस्तूचे उदाहरण म्हणून हटकून हवेचे नाव येते. हवा विपुल आहे, ती मिळवायला श्रम पडत नाहीत, म्हणून तिला किंमत नाही, असे आपण परीक्षेत लिहितो आणि गुण मिळवतो. पण गेली पंचवीस-तीस वर्षे आपल्या देशात न्यायालये, सरकारे, मोटारमालक आणि डॉक्टर या सर्वांना ज्या वादाने कामाला लावले आहे, तो वाद याच 'मोफत' वस्तूच्या किमतीचा आहे. हवा स्वच्छ राहावी म्हणून डिझेलवर चालणाऱ्या वाहनांवर बंधने घालावीत काय? घातली तर कोणत्या वाहनांवर? आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा? वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी म्हणून मला यातला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रस्तुत लेखात मी त्याच बाजूने या वादाकडे पाहणार आहे.

उदाहरणादाखल मी भोपाळ शहर घेतले आहे. त्याला दोन कारणे आहेत. पहिले घरगुती आहे. माझे मामा भोपाळला असतात. त्यांची एक छोटी डिझेलची मालवाहू गाडी आहे. करोंदच्या मंडीतून धान्याची पोती जुन्या शहरातल्या दुकानांत पोचवणे हा त्यांचा व्यवसाय. सुट्टीत तिकडे गेले की त्यांच्या वहीतला जमाखर्च नीट मांडून देणे हे काम माझ्याकडे असते. दुसरे कारण साऱ्या जगाला ठाऊक आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. हजारो माणसे मेली, पाच लाखांहून अधिक लोकांना त्याची बाधा झाली. त्या वेळच्या ५६ वॉर्डांपैकी ३६ वॉर्ड वायुबाधित म्हणून जाहीर झाले. हवेची किंमत या शहराइतकी दुसऱ्या कोणत्या शहराने मोजली असेल?

डिझेल धूर का सोडते?

प्रथम थोडे यंत्राविषयी. पेट्रोलच्या इंजिनात इंधन आणि हवा आधी मिसळतात आणि मग ठिणगीने पेट घेतात. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. तेथे नुसती हवा जोराने दाबली जाते, दाबामुळे ती अतिशय तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की ते आपोआप पेटते. या पद्धतीत इंधनातली शक्ती अधिक वसूल होते. म्हणूनच ट्रक, एस.टी., ट्रॅक्टर आणि रेल्वेची इंजिने डिझेलवर चालत आली. परंतु फवाऱ्याच्या थेंबांना सगळीकडे सारखी हवा मिळत नाही. जेथे ती कमी पडते तेथे इंधन अर्धवट जळून काजळी होते. आणि जेथे हवा भरपूर व उष्णता प्रचंड, तेथे हवेतल्याच नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. डिझेलवरचे दोन मुख्य आरोप हेच: काजळीचे सूक्ष्म कण आणि नायट्रोजनची ऑक्साइडे.

हे कण किती बारीक? अडीच मायक्रॉन व त्याहून लहान कण आपल्या केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या भागाहूनही बारीक असतात. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. अशा कणांचे वार्षिक सरासरी प्रमाण दर घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नये, असे भारतीय मानक सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हीच मर्यादा ५ वर आणली. याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोग निश्चितपणे घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात बसवले. तंबाखूचा धूर याच गटात आहे.

भोपाळपासून दिल्लीपर्यंत

डिझेलच्या वादाची बातमी नेहमी दिल्लीहून येते, पण त्याचे कायद्याचे मूळ भोपाळमध्ये आहे. वायुदुर्घटनेनंतर देशाला जाग आली व १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला. याच कायद्याखाली १९९८ मध्ये दिल्ली परिसरासाठी भूरेलाल यांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण नेमले गेले. त्याच्या शिफारशींवरून सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी आदेश दिला की, दिल्लीतल्या सर्व बसगाड्या सी.एन.जी. म्हणजे दाबाखालच्या नैसर्गिक वायूवर चालवाव्यात. मुदत ३१ मार्च २००१ ची होती. ती पाळली गेली नाही, पंपांपुढे रांगा लागल्या, प्रवाशांचे हाल झाले. पण २००२ सालअखेर दिल्लीच्या शहर बसमधून डिझेल गेले.

या काळात जो तात्त्विक वाद झाला, तो मला फार उद्बोधक वाटतो. केंद्र सरकारने २००१ साली डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली वाहन-इंधन धोरणासाठी समिती नेमली होती. समितीचे म्हणणे थोडक्यात असे: सरकारने धूर किती असावा एवढेच ठरवावे, तो कोणत्या इंधनाने साधायचा हे वाहन बनवणाऱ्यावर सोडावे. उलट न्यायालयाने एप्रिल २००२ च्या निकालात समितीवर टीका केली. समितीत एकही डॉक्टर किंवा सार्वजनिक आरोग्याचा जाणकार नव्हता, याकडे त्याने बोट दाखवले. माप लावून बसायचे आणि लोकांनी तोवर धूर गिळायचा, हे न्यायालयाला मान्य नव्हते. इंधनावर बंदी की धुरावर मर्यादा, हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत आपल्यासमोर आहे.

यात भर पडली वयाची. २०१० च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण स्थापन झाले. त्याचे मध्य विभागाचे पीठ भोपाळलाच आहे, हा योगायोग खचितच नव्हे. या न्यायाधिकरणाच्या दिल्लीतल्या प्रधान पीठाने एप्रिल २०१५ मध्ये आदेश दिला की, राजधानी परिसरात दहा वर्षांहून जुनी डिझेल वाहने चालवू नयेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली तो उचलून धरला. शिवाय डिसेंबर २०१५ मध्ये तेथे २,००० सी.सी. व त्याहून मोठ्या डिझेल मोटारींची नोंदणी काही काळ थांबवण्यात आली. पुढे काय झाले? महिंद्र कंपनीने १,९९० सी.सी.च्या आसपासचे इंजिन बाजारात आणले! ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का पर्यावरण शुल्क भरण्याच्या अटीवर ती बंदी उठली. करनियोजनाचा धडा शिकलेल्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटू नये. कायद्याने रेघ जेथे ओढली, तिच्या अलीकडे उभे राहणे हा व्यापाराचा स्वभावच आहे. तेव्हा रेघ कोठे ओढायची हे फार विचाराने ठरवले पाहिजे.

वय आणि धूर

आता मामांच्या वहीकडे वळू. दहा वर्षांचा नियम अजून भोपाळला लागू नाही, पण तो आलाच तर काय, ही चर्चा मालवाहू गाड्यांच्या अड्ड्यावर नेहमी चालते. मामा एकदा म्हणाले, "अगं, गाडी म्हातारी झाली हे कागदावरून कळतं. पण तिच्यावर घर चालतं हे कोणत्या कागदावर लिहिलंय?"

आपण घसारा शिकतो. भाड्याने चालणाऱ्या मालमोटारींना आयकराच्या नियमांप्रमाणे घटत्या मूल्यावर ३० टक्के घसारा मिळतो. समजा, गाडीची किंमत ६ लाख रुपये आहे. दहा वर्षांनी तिचे पुस्तकी मूल्य सुमारे १७,००० रुपये उरेल. पुस्तकाच्या दृष्टीने ती जवळजवळ संपली. परंतु कर्जाचे हप्ते फिटलेले असल्याने छोट्या मालकाच्या दृष्टीने खऱ्या कमाईची वर्षे तेव्हाच सुरू होतात. त्यातून हा मालक सहसा गाडीचा पहिला धनी नसतो. नवी गाडी मोठा वाहतूकदार घेतो, पाच-सहा वर्षांनी विकतो आणि ती मामांसारख्यांच्या हाती येते. म्हणजे दहा वर्षांच्या नियमाचा भार पहिल्या धन्यावर जवळजवळ पडतच नाही; तो सर्वांत शेवटच्या व सर्वांत दुबळ्या खांद्यावर पडतो.

शिवाय वय म्हणजे धूर नव्हे. समजा, एका निवृत्त गृहस्थांची बारा वर्षांची डिझेल मोटार पन्नास हजार किलोमीटर चालली आहे आणि एक नऊ वर्षांची लोडिंग गाडी रात्रंदिवस जादा माल वाहून तीन लाख किलोमीटर. वयाचा नियम पहिलीला भंगारात पाठवतो, दुसरीला सोडतो. दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला, ही म्हण येथे चपखल बसते.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. दिल्लीत मुदत संपलेली गाडी नष्टच होते असे नाही. मालकाला ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन ती राजधानी परिसराबाहेर, जेथे अशी गाडी नोंदवून घेतात तेथे, विकता येते. याचा अर्थ एका शहराचा धूर दुसऱ्या शहराच्या खाती वर्ग होतो. जमाखर्चाच्या भाषेत ही निव्वळ वर्गीकरणाची नोंद झाली. एकूण बेरीज होती तेवढीच राहिली. भोपाळ, ग्वाल्हेर, सागर ही शहरेही राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, म्हणजे २०१९ साली सुरू झालेल्या योजनेत, हवेचे मानक न पाळणारी शहरे म्हणून नोंदलेली आहेत. अशा शहरांच्या पदरी दिल्लीची टाकाऊ वाहने पडावीत, हा कुठला न्याय?

खर्चाची दुसरी बाजू

इथवर वाचून कोणी म्हणेल, की लेखिका मामांची वकिली करीत आहे. पण खातेवहीला दोन बाजू असतात. मामांच्याच गल्लीत एक वृद्ध बाई राहतात. १९८४ च्या त्या रात्री त्या काझी कॅम्पात होत्या. तेव्हापासून त्यांना जिना चढताना दोनदा थांबावे लागते. सकाळी गल्लीत गाड्या चालू ठेवून माल उतरवतात, तेव्हा त्या खिडकी लावून घेतात व थंडीत दिवसभर ती उघडत नाहीत. हमीदिया रोड, रेल्वे स्टेशन, नादरा बसस्थानक हा जुन्या शहराचा भाग म्हणजे बसगाड्या, मिनीबस आणि मालगाड्यांची वर्दळ. आणि वायुबाधितांची दाट वस्ती याच बाजूला. ज्यांची फुप्फुसे आधीच अधू झाली, त्यांच्याच दारात धूर सर्वांत जवळ आहे.

त्या बाईंच्या औषधांचा खर्च मामांच्या वहीत कोठे आहे? कोठेच नाही. डिझेल, टायर, विमा, हमाली, चहापाणी या सर्वांच्या नोंदी आहेत. दुसऱ्याच्या खोकल्याची नोंद करायला रकानाच नाही. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० सालीच या गोष्टीकडे लक्ष वेधले होते. खासगी खर्च आणि सामाजिक खर्च यांत जे अंतर पडते, ते करातून भरून काढावे असे त्याचे म्हणणे. आपण मात्र कित्येक वर्षे उलटे केले. शेतकरी व मालवाहतूक यांच्यासाठी म्हणून डिझेल स्वस्त ठेवले आणि त्या सवलतीवर ऐपतदारांच्या मोटारी धावल्या. २०१२-१३ च्या सुमारास नव्या मोटारींपैकी निम्म्याच्या आसपास डिझेलच्या होत्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलची किंमत नियंत्रणमुक्त झाली, पेट्रोलशी असलेला फरक कमी झाला, पुढे धुराचे नियम कडक झाले आणि डिझेल मोटारींची मागणी उतरली. मारुती सुझुकीने एप्रिल २०२० पासून डिझेल मोटारी बनवणे बंदच केले. कोणाच्या गाडीची जप्ती न करता हे घडले, ही गोष्ट बंदीच्या समर्थकांनी लक्षात घ्यावी.

काही जण म्हणतात, भोपाळची हवा केवळ डिझेलने बिघडलेली नाही. हे खरे आहे. रस्त्यावरची धूळ, बांधकामे, आदमपूर छावणीच्या कचराडेपोला लागणाऱ्या आगी, सिहोर-विदिशाकडे शेतात जाळले जाणारे पिकांचे अवशेष, यांचाही वाटा आहे. पण धूळ आणि डिझेलची काजळी एकाच तागडीत घालता येत नाहीत. काजळी अधिक बारीक, अधिक विषारी आणि ती थेट माणसाच्या नाकाच्या उंचीवर, त्याच्या दाराशी सोडली जाते. दुसरा चोर मोकळा आहे म्हणून पहिल्याला सोडावे, असे कोणी म्हणत नाही.

मग करावे काय?

माझ्या अल्पमतीप्रमाणे बंधन हवेच. पण ते वयावर नको, धुरावर हवे. आणि त्याचा भार वाटून घेतला गेला पाहिजे.

धुरावर बंधन घालण्याचे साधन आता आपल्याकडे आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बी.एस.-६ हे मानक लागू झाले. त्यासाठी डिझेलमधले गंधक दर दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आणावे लागले, कारण गंधक जास्त असेल तर धूर शुद्ध करणारी उपकरणे निकामी होतात. या गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. मोठ्या गाड्यांत युरियाच्या द्रावणाने नायट्रोजनची ऑक्साइडे निरुपद्रवी करतात. न्यायालयेही हळूहळू याच रेघेकडे वळत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात केवळ वयावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले व डिसेंबर २०२५ मध्ये हे संरक्षण बी.एस.-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरते मर्यादित केले. वयाऐवजी मानक, हा बदल मला योग्य वाटतो. लंडनमध्येही २०१९ पासून हीच रीत आहे. जी डिझेल गाडी ठरलेल्या मानकाची नाही, तिला शहरात यायचे तर दररोज साडेबारा पौंड मोजावे लागतात.

परंतु मानकाचा कागद आणि प्रत्यक्ष धूर यांतही फरक पडतो. २०१५ साली फोक्सवॅगन कंपनीच्या गाड्या तपासणीपुरता धूर कमी करीत व रस्त्यावर जास्त सोडीत, हे उघड झाले. आपल्याकडची पी.यू.सी. तपासणी डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा मोजते, बी.एस.-४ च्या आधीच्या गाडीला ६५ आणि बी.एस.-४ च्या गाडीला ५० एककांची मर्यादा आहे. नायट्रोजनची ऑक्साइडे व अतिसूक्ष्म कण ही तपासणी मोजतच नाही. तेव्हा तपासणी सुधारल्याशिवाय नियम कडक करणे म्हणजे तराजू खोटा ठेवून भाव वाढवणे होय.

भार वाटण्याविषयी तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, सुरुवात सार्वजनिक व मोठ्या वाहनांपासून व्हावी. सरकारने १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील स्वतःच्या गाड्यांची नोंदणी रद्द केली, हे ठीक झाले. आता शहर बसगाड्या, कचरागाड्या आणि मोठ्या वाहतूकदारांचे ताफे यांची पाळी आधी यावी. दुसरी, एकच गाडी असलेल्या मालकाला जुनी गाडी मोडीत दिल्यावर नुसते प्रमाणपत्र नको. नव्या गाडीसाठी कमी व्याजाचे कर्ज हवे. यासाठी पैसा कोठून? मोठ्या डिझेल मोटारींवरच्या शुल्कातून. ज्याची ऐपत त्याचा वाटा मोठा. तिसरी, जी गाडी एका शहरात धुरामुळे नालायक ठरली, ती दुसऱ्या शहरात नोंदवू देऊ नये.

आणि लोकांना गाडीवाचून फिरता आले पाहिजे. भोपाळमध्ये २०१३ साली मिसरोद ते बैरागड अशी सुमारे २४ किलोमीटरची बससाठीची वेगळी मार्गिका सुरू झाली होती. तिच्याविषयी तक्रारी होत्याच. शेवटी २०२४ साली ती उखडण्यास आरंभ झाला. जेथे बसचा रस्ता आकसतो, तेथे डिझेलवर बंदी घातली काय किंवा पेट्रोलवर घातली काय, माणूस स्वतःची गाडी काढणारच.

वाचकहो, हा प्रश्न केवळ भोपाळचा किंवा दिल्लीचा नाही. आपल्या सीमाभागातून जाणाऱ्या पुणे-बंगळूर महामार्गावर रात्रंदिवस ट्रक धावतात. मराठीत आपण धूर म्हणतो, कन्नड विभागातले आपले मित्र 'होगे' म्हणतात. खोकला दोघांचा एकच. मामांना मी हिशेबाच्या वहीत एक नवा रकाना आखून दिला आहे: गाडीची पी.यू.सी. तपासणी, तिची तारीख आणि यंत्राने दाखवलेला आकडा. माल उतरवताना इंजिन बंद करायलाही त्यांनी सुरुवात केली आहे; त्यात डिझेल वाचते हे त्यांना पटले. एवढ्याने भोपाळची हवा सुधारणार नाही हे मलाही कळते. त्यासाठी कायदा लागेल, पैसा लागेल आणि तपासणीचे खरे यंत्र लागेल. पण ज्या खर्चाची नोंदच होत नाही, तो भरून देण्याची जबाबदारी कोणी घेत नाही, हे आपल्याला पहिल्याच वर्षी शिकवलेले आहे. धुराची नोंद प्रत्येक वहीत होऊ लागली, तर ही जबाबदारी कोणाची, हा प्रश्न फार काळ टाळता येणार नाही.